नाव घेणारी म्हातारी

ती घटना आजही आठवते. अलीकडे तर जास्तच आठवते, कारण त्या प्रकरणातल्या म्हातारीचं जे वय होतं ते आता मीही ओलांडलं आहे. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. मी चौथी शिकलेली बाई. जबाब लिहावा तसं लिहिता येतं, त्याहून नटवून लिहिता येत नाही. माणसांची नावं मी देणार नाही. तालुक्याचंही देणार नाही. आज धाराशिव म्हणतात त्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका, एवढं पुरे.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निजामाचं राज्य कधीच गेलं होतं, तरी आमच्या ठाण्यातला लिहिणारा हवालदार अजून 'मुन्शी'च होता. ठाण्यात बायका दोन: एक मी आणि एक झाडणारी. माझं काम ठरलेलं होतं. बायकांची झडती घ्यायची, आरोपी बाई असली तर तिच्याजवळ बसायचं, मयत बाईच्या पंचनाम्याला उभं राहायचं. उरलेल्या वेळात मला कुठं बसवावं हे फौजदारसाहेबांना कळत नसे, म्हणून मी दाराजवळच्या बाकड्यावर बसे. त्या बाकड्यावर बसून मी जेवढं शिकले तेवढं शाळेत शिकले नाही. ठाण्याच्या दाराशी येऊन परत फिरणारी माणसं तिथून दिसतात.

त्या दिवशी बाजार होता. सकाळची हजेरी झाली आणि एक मनियारीण दाराशी आली, परत फिरली, पुन्हा आली. गावोगाव फिरून बांगड्या भरणारी ही बाई. सगळे तिला चाची म्हणत. मी तिला हाक मारली.

"चाची, काय हरवलं का?"

"माझं कुछ नाही हरवलं," ती बाकड्याच्या कडेला टेकून म्हणाली. "पण बाई, एकच म्हातारी दोन जागी कशी असंल, ते सांगा."

मग तिनं सांगितलं. सोनारीच्या जत्रेत तिनं दुकान लावलं होतं. तिथं देवळाच्या पायऱ्यांशी एक म्हातारी बसलेली. सोनारीत वानरं फार. एक वानर तिच्या हातातली भाकर ओढत होतं. चाचीनं ते हाकललं, तर आवाजावरून म्हातारीनं तिला ओळखलं. "मनियारणी, तूच ना गं?" म्हणाली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, दिसत नव्हतं. म्हातारी आमच्याच तालुक्यातली होती. बारा एकर काळी जमीन, नवरा मेलेला, मूलबाळ नाही, घरात पुतण्या आणि त्याची बायको.

"आन् परवा मी तिच्या गावात गेले," चाची म्हणाली, "तर पुतण्या बोलतो, काकीला ताप आलाय, आत झोपलीय. सोनारीची म्हातारी अजून तिथंच हाय, काल तिकडून आलेल्या बाईनं सांगितलं. तर आत कोन झोपलीय? पण बाई, मला चौकशीत ओढू नका."

मी फौजदारसाहेबांना खबर दिली. ते म्हणाले, "घरगुती भानगड आहे. चुलतीला देवाच्या दारात बसवणं हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो?"

"कलम मला माहीत नाही साहेब. पण घरात ताप आलेली कोण आहे, ते बघून येते."

ते हसले. स्टेशन डायरीत माझी रवानगी लिहायला मुन्शीला सांगितलं. हे साहेब माणूस वाईट नव्हते. बाईमाणसाच्या डोक्यात काही शिरत असेल असं त्यांना वाटत नव्हतं, इतकंच.

त्या काळात अशा म्हाताऱ्या मी पुष्कळ पाहिल्या होत्या. पटकी आणि देवीच्या साथी कमी झाल्यामुळे माणसं जगायला लागली होती. तरणी माणसं सोलापूरच्या गिरणीत नाहीतर पुण्याला कारखान्यात जात होती. गावात राही जमीन आणि म्हातारी. जमीन सगळ्यांना हवी असे. म्हातारी कुणाला नको असे. पण जमीन म्हातारीच्या नावावर असेपर्यंत तिला गरम भाकर मिळे, हेही मी पाहिलं होतं.

गावात गेले. पुतण्या दारातच होता, चाळिशीचा, डोक्याला स्वच्छ पटका. मी विचारलं, "तुमच्या काकीला ताप आहे म्हणे. भेटू द्या."

"काकी देवाला गेलीय," तो म्हणाला.

"परवा ताप होता ना?"

"उतरला. मंग गेली. नवस व्हता तिचा." आणि लगेच आत जाऊन त्यानं एक कागद आणला. "हे बघा, बाई. बक्षीसपत्र. रजिस्टर केल्यालं. बारा एकर आन् घर, समदं माझ्या नावावर केलंय तिनं राजीखुशीनं."

मी कागद मागितला नव्हता. म्हातारी कुठं आहे एवढंच विचारलं होतं. न विचारता पुरावा दाखवणाऱ्या माणसाकडे पोलिसानं दोनदा बघावं, हा माझा नोकरीभरचा अनुभव. मी कागदावरची तारीख लक्षात ठेवली. दस्त सोनारीच्या जत्रेच्या दिवसांतला होता.

दुसऱ्या दिवशी दोन एसटी बदलून सोनारीला गेले. म्हातारी चाचीनं सांगितलं तिथंच होती. अंगानं वाळकी, पण ताठ बसलेली. हातात काठी, वानरांसाठी. मी सांगितलं, मी पोलीस आहे.

"बाई पोलीस?" ती म्हणाली. "समदे गडी मेले का?"

"काही उरलेत. माय, तुम्ही इथं कशाला बसलात?"

"पुतण्यानं बसिवलंय. पाच रविवार बस म्हनला, डोळं येतील म्हनला. रविवार म्या मोजते. आता लई झाले. त्यो काय येईना."

आजूबाजूच्या दुकानदारांना विचारलं. तिला सोडून जाताना पुतण्या सांगून गेला होता, की हिचं डोकं ठिकाणावर नाही, माझं शेत माझं शेत असं बडबडते, ऐकू नका, भाकर घाला. लोक भाकर घालत होते. तिनं गावी धाडा म्हटलं की हसत होते. जत्रेच्या कोणत्या दिवशी तिला आणून बसवली ते मात्र कुणालाच सांगता येईना. जत्रेत दिवस कोण मोजतो?

"माय, जमीन पुतण्याला दिलीत का?" मी विचारलं.

"मेल्यावर त्याचीच हाय की. जित्तेपनी कशाला दिऊ? जमीन दिली तर भाकर कोन दील?"

"कागदावर अंगठा लावला का?"

"बैल इकताना लावला व्हता, मालक गेले त्या साली. त्यानंतर न्हाय."

मी तिला घेऊन परत आले. एसटीत ती एवढंच म्हणाली, "घरात माझी चूल हाय. ती मोडली नसंल तर बास." चूल मोडली होती; पुतण्याच्या दारात उभी असताना मी ते पाहिलं होतं. ते मी तिला सांगितलं नाही.

फौजदारसाहेबांनी तिचं ऐकून घेतलं आणि मला बाजूला बोलावलं. "दस्त रजिस्टर आहे. ओळख द्यायला दोन साक्षीदार आहेत. पुतण्या म्हणणार, आधी दस्त केला, मग देवाला सोडली. हिला दिसत नाही, आठवत नसेल. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर गुन्हा कसा नोंदवू?"

खरं होतं. म्हातारीजवळ तिच्या तोंडाशिवाय काही नव्हतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला कचेरीत किंमत नसते. त्या दिवशी मी हरले असते तर ती पुन्हा पायऱ्यांवर जाऊन बसली असती. दुसरी जागाच तिला नव्हती.

मी म्हटलं, "रजिस्ट्रेशनच्या कारकुनाला विचारून येते."

"ये. पण दमात घेऊ नको. तो सरकारी माणूस आहे."

कारकुनाला दमात घ्यायची वेळच आली नाही. तो बोलका होता. तो म्हणाला, "बाई, इतका चोख दस्त मी सबंध वर्षात केला नाही. म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन आली, पण काय खणखणीत! एरवी बायकांचा दस्त म्हणजे डोक्याला ताप. नाव विचारलं की भिंतीकडे बघतात. नवऱ्याचं नाव विचारलं की झालंच! एक शेजारणीला ढोसते, एक म्हणते भावाला बोलवा. अर्धा तास जातो. हिला विचारलं, नवऱ्याचं नाव? तिनं फाडदिशी सांगितलं, आडनावासकट."

"स्वतःच्या तोंडानं?"

"स्वतःच्या तोंडानं! म्हटलं वा, सुधारली दुनिया."

मी तिथंच स्टुलावर बसले. वाचणाऱ्या तरुण मुलींना हे कळणार नाही म्हणून सांगते. आमच्या आधीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. नवरा जिवंत असो की मेलेला. नवऱ्याच्या नावात 'तांदूळ'चा 'ता' असला तर तांदळालाही दुसरा शब्द शोधत. माझ्या भरतीच्या वेळी साहेबांनी मला नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा मीही शेजारच्या बाईला कोपर मारलं होतं, आणि मी तर चार बुकं शिकलेली. सत्तरी ओलांडलेली, गावाबाहेर न गेलेली म्हातारी, परक्या तीन पुरुषांसमोर, नवऱ्याचं नाव फाडदिशी घेते? जिचा तो नवरा असतो तिच्या तोंडून ते निघत नाही. ज्या बाईचा तो कुणीच नसतो, तिला ते नाव घ्यायला काय लागतं?

फौजदारसाहेबांना सांगितलं, तर ते खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या आईचंच त्यांना आठवलं असावं. म्हणाले, "ती बाई नाहीच?"

"नाहीच. पण साहेब, पुतण्याला हे कळू देऊ नका. त्याला आणि दोन्ही साक्षीदारांना वेगवेगळं बसवा आणि एवढंच विचारा: म्हातारीनं नवऱ्याचं नाव कसं सांगितलं?"

त्यांनी तसंच केलं. मी बाकड्यावर बसून ऐकत होते. पहिला साक्षीदार म्हणाला, तिनंच सांगितलं, आपल्या तोंडानं. दुसराही तेच म्हणाला. पुतण्या तर छाती फुगवून म्हणाला, "साहेब, आमी कुनी चकार शबूद बोललो न्हाय. समदं काकीच बोलली. उद्या कुनी म्हनाया नको, की म्हातारीला शिकिवलं." दस्त पक्का दिसावा म्हणून तिघांनी हेच घोकून ठेवलं होतं. त्यांच्या हुशारीनंच त्यांना बुडवलं. "पुतण्यानं नाव सांगितलं, म्हातारीनं मान हलवली" असं ते म्हणाले असते, तर आज मी हे लिहीत नसते.

तिघांचे जबाब लिहून झाले. मग साहेबांनी बाजारातले दोन प्रतिष्ठित गृहस्थ पंच म्हणून बोलावले, तिघांनाही एका भिंतीशी उभं केलं, आणि मला म्हणाले, "म्हातारीला आणा."

मी तिला हात धरून आणली. पुतण्याला ती सोनारीहून आलेली माहीत नव्हती. त्याचा पटका एकदम मोठा दिसायला लागला, कारण खालचं तोंड बारीक झालं.

मुन्शीनं दौतीत टाक बुडवला. "नाव?"

तिनं सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?"

म्हातारीनं पदर पुढं ओढला. "लिवा की. तुमाला ठावं असंल."

"आम्हाला कसं ठावं असेल, आजी? सांगावं लागतं. सरकारी काम आहे."

"सरकारला सांगा, म्हातारीला लाज हाय म्हनून."

पंचांपैकी एक हसला. साहेब म्हणाले, "बरं, नाव घेऊ नका. खूण तरी सांगा."

म्हातारीनं विचार केला. "ज्याच्या डोस्क्यावर गंगा, त्याचं."

"शंकर," मुन्शी म्हणाला.

"न्हाय."

"महादेव?"

"तेबी न्हाय. आवो, गंगा धरून बसलाय त्यो! धरलीय ना त्यानं?"

मुन्शी एकदम नाव ओरडला. म्हातारीनं तोंडावर पदर दाबला आणि मान हलवली. पंच, जमादार, दारातले शिपाई, सगळे हसले. ते नाव तुम्हीही ओळखलं असेल. मी लिहीत नाही.

साहेब हसले नाहीत. ते पुतण्यासमोर जाऊन उभे राहिले. "साठ वर्षांत जिच्या तोंडून हे नाव निघालं नाही, पंचांसमोर, पोलीस ठाण्यात निघालं नाही, ती तुमच्या दस्ताच्या दिवशी आडनावासकट बोलली. तुम्ही तिघांनी लिहून दिलंय. आता सांगा, बोलली ती कोण?"

पुतण्या पटका सावरायला लागला. म्हातारीला दिसत नव्हतं, पण तो कुठं उभा आहे हे श्वासावरून कळलं असावं. ती त्याच्या दिशेनं म्हणाली, "तुला म्या मांडीवर खेळिवलं, त्याचं काय न्हाय रं. पर माझ्या मालकाचं नाव तू बाजारात कुनाच्या तोंडी दिलंस?"

दुसरा साक्षीदार हात जोडून पुढं आला. "साहेब, म्या फकस्त ओळख दिली. ती बाई कळंबची हाय. हाटेलात कपबशा धुती."

त्या दिवशी गुन्हा नोंद झाला. साहेबांनी स्टेशन डायरीत माझं नाव लिहायला लावलं, "यांच्या चौकशीवरून उघडकीस" असं. मी ती ओळ तीनदा वाचली. चौथीपर्यंत शिकल्याचा मला त्या दिवशी पहिला उपयोग झाला.

कळंबच्या हॉटेलात ती दुसरी म्हातारी सापडली. हिचेही केस पांढरे, पण डोळे चांगले होते आणि गुडघे त्याहून चांगले. मी तिला बाकड्यावर बसवून विचारलं. तिनं काहीच लपवलं नाही.

"व्हय, म्याच गेले. लुगडं दिलं नवं. अन् मरस्तोवर भाकर दीन म्हनला. नाव पाठ करून घेतलं. चार दीस घोकलं म्या."

"दुसरीची जमीन जाते हे कळलं नाही?"

"कळलं की." ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली. "बाई, माजा ल्योक मला हाटेलाच्या दारात सोडून मुंबईला गेला. कपबशी फुटली की मालक म्हनतो, उद्यापासून येऊ नगस. मरस्तोवर भाकर असं कुनी म्हनलं तर तुमी काय कराल?"

मी तिचा जबाब मुन्शीकडून लिहून घेतला. गुन्हा तो गुन्हा. पण एका उपाशी म्हातारीच्या अंगठ्यानं दुसऱ्या म्हातारीची भाकर काढून घ्यायची, ही अक्कल तरण्या माणसाची होती, हे मी साहेबांना सांगितलं. त्यांनी वरिष्ठांशी लिखापढी करून तिला माफीचा साक्षीदार केलं. खटला संपेपर्यंत तिला जेलात राहावं लागलं. भेटले तेव्हा म्हणाली, "दोन येळा भाकर हाय. कपबशा न्हायत."

रजिस्ट्रेशनच्या वहीतला अंगठा आणि खऱ्या म्हातारीचा अंगठा पुण्याला तज्ज्ञाकडे पाठवला. जुळला नाही. हॉटेलातल्या म्हातारीचा जुळला. पुतण्याच्या वकिलानं कोर्टात पुष्कळ खटपट केली. एकदा त्यानं खऱ्या म्हातारीला विचारलं, "आजी, तुम्ही स्वतःच्या नवऱ्याचं नावसुद्धा सांगू शकत नाही, मग तुम्ही त्यांच्या पत्नी हे कोर्टानं कसं मानायचं?" म्हातारी म्हणाली, "तुमच्या आयला इचारा, ती सांगती का." कोर्टात हशा झाला. न्यायाधीशांनीही रुमाल तोंडाला लावला. पुतण्याला आणि दोन्ही साक्षीदारांना शिक्षा झाली. पुढं दिवाणीत दस्तही रद्द झाला.

निकालापर्यंत म्हातारी माझ्याच घरी राहिली; निकालानंतर तिला गावी पोचवायला मीच गेले. पुतण्याची बायको माहेरी निघून गेली होती. निम्मं गाव दारात जमलं. म्हातारी काठीनं उंबरा चाचपडत आत गेली, चुलीच्या जागी मोकळी माती लागली, तशी तिथंच उभी राहून ओरडली, "कोन हाय बाहीर? माती भिजवा. सांजच्या आत चूल पायजे." चार बायका धावल्या. संध्याकाळच्या आत चूल झाली. मनियारीण चाची त्या दिवशी गावातच होती. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती, की खबर आपण दिली. चौकशीत ओढू नका म्हणणारी हीच बाई.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते सरळ सांगते. म्हाताऱ्या माणसाचं काही चोरायचं असेल, तर चोर आधी त्याचं बोलणं चोरतो. "डोकं फिरलंय" म्हटलं की काम झालं. पुढं म्हातारं माणूस खरं बोललं तरी लोक भाकर घालून हसतात. तेव्हापासून ठाण्यात कुणी म्हातारं माणूस आलं आणि सोबतचा म्हणाला, "त्यांचं काही ऐकू नका," की मी आधी सोबतच्याला बाहेर बसवत असे. दहातल्या सहा वेळा त्या म्हाताऱ्याचंच बरोबर निघे. आणि दुसरं. जमीन, घर, जे असेल ते जिवंतपणी कुणाच्या नावावर करू नका. माझा मुलगा चांगला आहे. तरी मी केलेलं नाही. तो चांगला राहावा म्हणूनच केलेलं नाही.

वर्षभरानं बंदोबस्ताला त्या गावावरून जाणं झालं. म्हातारीच्या घरी डोकावले. जमीन तिनं शेजारच्या एका सज्जन माणसाला वाट्यानं लावली होती, कणगी भरलेली होती. चुलीपुढं बसून कुणीतरी भाकरी थापत होतं. बघते तर हॉटेलातली म्हातारी.

मी उभीच राहिले. "माय, ही इथं कशी?"

"जेलातून सुटली, कुठं जानार व्हती?" घरधनीण म्हणाली. "मला डोळं न्हायत, हिला हायत. हिला घर न्हाय, मला हाय. त्यानं हिला मरस्तोवर भाकर दीन म्हनून फशिवलं. म्या खरंच देती. फुकट न्हाय, भाकरी तीच करती."

"आणि राग नाही आला?"

"आला की. चार दीस बोलले न्हाय तिच्याशी. मंग पटवारी आला, जमिनीच्या कागदाला. त्यो म्हनला, नवऱ्याचं नाव सांगा." म्हातारी पदरात हसली. "म्या म्हनलं, हिला इचारा. पाठ हाय तिला."